ताबा आधीच सुटलेला असतो

पावसाळ्यातल्या कुठल्याही सोमवारी मराठी वर्तमानपत्राचं ॲप उघडा. शनिवार-रविवारच्या अपघाताची बातमी असतेच. गावाचं नाव बदलतं, गाडीचं मॉडेल बदलतं, मृतांचा आकडा बदलतो. एक वाक्य मात्र वर्षानुवर्षं तेच आहे: 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला.'

मला या वाक्याचा राग येतो. ते खोटं आहे म्हणून नाही, ते काहीच सांगत नाही म्हणून. गाडी दुभाजकावर चढली याचा अर्थच ताबा सुटला असा आहे. 'श्वास थांबल्याने मृत्यू झाला' असं डॉक्टरने लिहिलं तर आपण विचारू, अहो, पण श्वास कशाने थांबला? इथे कुणी विचारत नाही. वाक्यात एक माणूस आहे, तो बहुतेकदा गेलेला आहे किंवा आयसीयूत आहे, आणि सगळं त्याच्या खात्यावर मांडून आपण पुढच्या बातमीवर जातो.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्याकडे रात्री दोनला सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी एक कागद लिहावा लागतो: काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. त्यात कारण म्हणून 'अमक्याने चुकीची कमांड दिली' एवढंच लिहिलं तर तो कागद परत येतो. माणूस चुकणारच, हे धरूनच चालायचं असतं. एका चुकीने अख्खी सिस्टीम का झोपली, ते सांग. हे सगळं कशासाठी, तर लोकांचं जेवण वीस मिनिटं उशिरा पोचू नये म्हणून. आणि जिथे माणसं मरतात तिथे 'ताबा सुटला' या दोन शब्दांवर फाईल बंद.

माझं म्हणणं असं आहे की ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते, त्यातल्या पुष्कळ वेळा ताबा त्या क्षणी सुटलेला नसतो. तो काही महिने आधी, कोरड्या दुपारी, टायरच्या दुकानात सुटलेला असतो. गाडी जॅकवर असते, मालक मोबाईल बघत असतो, आणि दुकानातला पोरगा दोन नवे टायर पुढच्या चाकांना लावत असतो.

पुढे. इथेच घोळ आहे. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावायचे. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असो की मागच्या चाकांवर ढकलणारी, नवे टायर मागे आणि त्यातल्या त्यात बरे जुने पुढे. मिशेलिन, ब्रिजस्टोन, कॉन्टिनेन्टल या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या कंपन्या आहेत, पण या एका बाबतीत तिघींची सूचना एकच आहे. आपल्याकडे मात्र बरोबर उलटं चालतं. आचोळे रोडपासून वसई फाट्यापर्यंत टायरची दुकानं मोजत जा, आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, 'दोन घेतले तर कुठे टाकणार?' उत्तर विचार न करता येतं, आणि ते 'पुढे' असं असतं.

का मागे, ते नीट समजून घेऊ. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते, ती पाण्याची गटारं असतात. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरसुद्धा छान पकडतो, रेसच्या गाड्यांचे कोरड्या दिवसाचे टायर गुळगुळीतच असतात. पाणी आलं की हिशेब बदलतो. वॅगनआरसारख्या गाडीचा टायर साधारण १६५ मिलिमीटर रुंद असतो. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे असं धरा, म्हणजे डबकं नाही, जोराच्या सरीत रस्त्यावर दिसतो तेवढा चकचकीत थर. गाडी ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २२ मीटरने चालली आहे. गुणाकार करा: एका टायरसमोर दर सेकंदाला ११ लिटर पाणी येतं. अर्धी बादली. टायरचा जो पोस्टकार्डाएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्याच्याकडे ते पाणी बाजूला करायला एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ असतो. खाचा खोल असतील तर पाणी त्यात शिरतं आणि बाजूने, मागून निघून जातं. खाचा झिजल्या असतील तर पाण्याला जागाच नाही. मग ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि टायर उचलतं. गाडी रस्त्यावर नसते, पाण्यावर असते. इंग्रजीत याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात, आपण सरळ तरंगणं म्हणू.

हे तरंगणं किती वेगाला सुरू होतं याचं एक ढोबळ सूत्र नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ साली मांडलं, विमानांच्या टायरसाठी. त्यात वेग ठरतो तो टायरमधल्या हवेच्या वर्गमुळावर. टायर गुळगुळीत असेल किंवा पाणी खाचांपेक्षा खोल असेल, तर ३३ पीएसआय हवेला हा वेग येतो ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास. हवा उतरून २५ झाली असेल तर ८३. आणि हा पूर्ण तरंगण्याचा वेग झाला, पकड त्याच्या बरीच आधीपासून सुटत आलेली असते. हायवेवर वसई फाट्यापासून मनोरपर्यंत रिकामा पट्टा मिळाला की ८० ला कोण थांबतं, ते तुम्हीच सांगा.

आता चार टायर सारखे झिजलेले नसतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकं पुढे, वळणारी चाकं पुढे, आणि ब्रेकचा मोठा भार पुढच्यांवरच. म्हणून पुढचे टायर आधी गोटा होतात. दोन बदलायची वेळ येते तेव्हा बदलायचे असतात ते पुढचेच, आणि मग नवे तिथेच लावणं हे इतकं स्वाभाविक वाटतं की त्यात काही निर्णय आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

पण अशी गाडी पाण्याच्या थरात शिरली की काय होतं पाहा. पुढचे नवे टायर पाणी कापतात, रस्ता पकडून ठेवतात. मागचे अर्धे झिजलेले, ते तरंगायला लागतात. वळणावर असाल, लेन बदलत असाल, तर गाडीचं तोंड आज्ञाधारकपणे वळतं आणि मागचा भाग वळत नाही, तो बाहेर जातो. घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला किंवा ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, आधीच हलका असलेला मागचा भाग आणखी हलका होतो, आणि गाडी स्वतःभोवती फिरते. निसर्गाने दिलेली जी प्रतिक्रिया आहे, तीच गाडी फिरवते. (सीएनजीची टाकी असलेल्यांनी 'आमच्या मागे वजन असतं' असं म्हणू नये. वजनाने पकड थोडी वाढते हे खरं, पण मागचा भाग एकदा सुटला की तेच वजन लंबकासारखं गाडी झुलवतं.)

आता उलटं करा. नवे मागे, झिजलेले पुढे. तरंगणार पुढची चाकं. स्टेअरिंग अचानक हलकं लागतं, हाताला कळतं की काहीतरी बिनसलं. गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. तुम्ही घाबरता, पाय उचलता, आणि या वेळी तीच घाबरगुंडी कामाला येते: वेग उतरतो, वजन पुढे येतं, पुढची चाकं पुन्हा टेकतात. सरळ जाणं म्हणजे सुरक्षित जाणं असं मी म्हणत नाही, वळणावर सरळ गेलात तर समोर कठडा असू शकतो. पण कठड्याला तुम्ही तोंडाने धडकाल. गाडीचं तोंड धडकण्यासाठीच बनवलेलं असतं: चुरगळणारा पत्रा, इंजिन, एअरबॅग, पट्टा. फिरलेली गाडी कुशीने आदळते, आणि कुशीला असतो एक दरवाजा, हातभर जाडीचासुद्धा नाही.

आमच्या धंद्यात याला नाव आहे. सिस्टीम पडेल का, हा प्रश्न बाळबोध. पडली तर कशी पडेल, हा खरा प्रश्न. एक पडणं असं असतं की अलार्म वाजतो, वेळ मिळतो, साध्या माणसाला सावरता येतं. दुसरं असं की कळेपर्यंत सगळं संपलेलं असतं. मागची पकड सुटते तेव्हा स्टेअरिंग हाताला आधी काही सांगत नाही. माणसाला समजून हात हलायला एक-दीड सेकंद लागतो, तेवढ्यात ८० च्या वेगाने गाडी २२ ते ३३ मीटर गेलेली असते. रील्समध्ये उलट स्टेअरिंग मारून गाडी सावरणारे उस्ताद असतात, त्यांच्या अवतीभवती मोकळं मैदान असतं. तुमच्या उजव्या हाताला गुजरातचा कंटेनर असतो.

हे इतकं सरळ असेल तर सगळे पुढेच का लावतात? मी यावर बराच विचार केला आहे, आणि मला वाटतं याचं उत्तर टायरवाल्याकडे नाही, आपल्या सगळ्यांच्या गुडघ्यांवर आहे. आपण पकड म्हणजे काय हे कुठे शिकलो? दोन चाकांवर. आचोळ्याच्या तलावाजवळ, तुळिंजच्या चढावर, कॉलेजच्या गेटसमोरच्या चिखलात. बाईकचं पुढचं चाक घसरलं की माणूस आडवा, विचार करायला वेळच नाही. मागचं घसरलं तर गाडी जरा डुलते आणि बहुतेकदा सावरते. गुडघ्याची सालं काढून शिकलेलं हे शहाणपण अगदी बरोबर आहे, बाईकसाठी. चार चाकं आडवी पडत नाहीत, ती फिरतात, आणि फिरवण्याचं काम मागची चाकं करतात. आपण गाडी घेतली, हप्ते सुरू केले, आणि शहाणपण मात्र स्प्लेंडरचंच ठेवलं.

दुसरी गोष्ट शब्दांची. पुढचा म्हणजे महत्त्वाचा, मागचा म्हणजे उरलेला. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते. त्या अपघातात मुद्दा टायरचा नव्हता. चर्चा झाली ती मागच्या सीटच्या पट्ट्याची आणि पुलाआधी अरुंद होणाऱ्या रस्त्याची. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा असतो, हा नियम तेव्हा नवा झाला नव्हता, तो आधीपासून होता. पण देशातल्या एका बड्या उद्योगपतीचा जीव गेला तेव्हा कुठे आठवड्याभरात तो घराघरात पोचला. आमच्याच जिल्ह्यातला तो पूल. मागच्या टायरची गोष्ट लोकांपर्यंत पोचायला आता कुणी तेवढंच मोठं माणूस जायची वाट बघायची का?

नालासोपारा-वसईत टायर बदलण्याचा हंगाम ठरलेला आहे: गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस. इथली अर्धी वस्ती कोकणातली. गाड्या वर्षभर बिल्डिंगखाली धूळ खातात, आणि मग एकदम पाच माणसं, तांदळाची पिशवी, मखराचं सामान आणि डिकीत कोंबलेल्या बॅगा घेऊन पनवेल ओलांडून मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. भर पावसात, रात्री, कारण दिवसा ट्रॅफिक. म्हणजे वर्षातला सगळ्यात लांब, सगळ्यात ओला आणि सगळ्यात भरलेला प्रवास, आणि त्याच्या आदल्या दिवशी घाईत लावलेले दोन टायर.

अशाच एका दिवशी मी मामाबरोबर टायरच्या दुकानात उभा होतो. गाडी एमएच ४८, वॅगनआर, पुढचे दोन टायर पार गुळगुळीत. पोराने नवे काढले आणि पुढच्या चाकाला हात घातला. मी म्हटलं, "दादा, नवे मागे टाका. मागचे काढून पुढे घ्या."

मालक गल्ल्यावरून उठून आला. "मागे? का?"

"पावसात मागची पकड गेली तर गाडी फिरते."

"अहो, इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेक पुढे. मागची चाकं नुसती मागून येतात. वीस वर्षं झाली मला या धंद्यात."

मामा मध्ये पडला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला. त्याचं काम त्याला करू दे की."

मालकाला मी फार दोष देत नाही. त्याने वीस वर्षांत हजारो टायर पुढे लावले असतील, आणि त्यातली जी गाडी पुढे कधी कशेडीत फिरली असेल ती त्याच्याकडे तक्रार घेऊन परत आलेली नाही. त्याच्या अनुभवात फक्त परत आलेली गिऱ्हाइकं आहेत. वीस वर्षं हा युक्तिवाद मला जिथे तिथे ऐकू येतो, ऑफिसातसुद्धा, आणि प्रत्येक वेळी विचारावंसं वाटतं की वीस वर्षांत चुकलेलं कळायची सोय होती का? नवे टायर शेवटी मागे बसले. दोन चाकांची जास्तीची उघडझाप झाली, तिचे वेगळे पैसे घेतले त्याने, ते रास्तच होतं. मामा निघताना म्हणाला, "तुझ्या समाधानासाठी." असू दे.

विरुद्ध बाजूने जे मुद्दे येतात, ते सगळेच फालतू नाहीत. सगळ्यात वजनदार मुद्दा ब्रेकचा. थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात, म्हणून पुढे झिजके टायर लावले तर सरळ रस्त्यावर थांबायला जास्त अंतर लागेल. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण थांबायला लागणारं जास्तीचं अंतर तुम्ही आधी कमी करू शकता: वेग उतरवा, समोरच्यापासून लांब राहा. मागून फिरणाऱ्या गाडीसाठी आधी करण्यासारखं काहीच हातात नसतं, कारण मागे काय चाललं आहे हे तुम्हाला कळतच नाही. आणि पुढे येणारे टायर इतके झिजले असतील की त्यांनी ब्रेकच लागणार नाही, तर मग पुढे-मागेचा वादच नाही, चारही बदला.

दुसरा मुद्दा, पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातातून जाईल. टायर फुटणं आणि टायर तरंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण असू दे, फुटण्याचंच बोलू. पुणे-मुंबई प्रवासात २०१० साली एका गाडीचं मागचं चाक फुटलं, गाडी दरीत गेली, एक तरुण प्रवासी दगावला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटीची भरपाई दिली. विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, टायर फुटणं ही देवाची करणी, आम्ही कसे जबाबदार? २०२३ साली न्यायालयाने ते धुडकावलं. टायर वेगाने फुटतो, कमी किंवा जास्त हवेने फुटतो, जुना वापरलेला असल्याने फुटतो, तापमानाने फुटतो, ही माणसाची हयगय आहे, देवाची करणी नाही, असं ते म्हणणं. मला हा निकाल फार आवडतो, कारण त्याने तेच केलं जे बातमी करत नाही: 'फुटला' या क्रियापदाच्या मागे कोण उभं आहे ते विचारलं.

तिसरा मुद्दा तरुण मित्रांचा: आता एबीएस आहे, ईएसपी आहे, गाडी स्वतःच सावरते. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, उत्तम झालं. पण आमच्या बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाड्यांतल्या किती २०१९ नंतरच्या आहेत? आचोळ्यात पहिली गाडी म्हणजे सेकंडहँड ऑल्टो, सेकंडहँड सँट्रो. आणि ही सगळी यंत्रणा शेवटी काय करते, तर एखाद्या चाकाला नेमका ब्रेक लावते. चाक पाण्यावर तरंगत असेल तर ब्रेक कुणाला धरणार? कोड कितीही हुशार असला तरी शेवटची ओळ रबरावर चालते.

आणि पैशाचा मुद्दा, जो कुणी बोलून दाखवत नाही. चार टायर म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास. ज्याचा पगार हप्ता, मेन्टेनन्स आणि पोरांच्या फीमध्ये संपतो तो दोनच घेणार, आणि त्याला 'जिवापेक्षा पैसा मोठा का' असं ऐकवणाऱ्यांची मला चीड येते. उलट, ज्याला दोनच परवडतात त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. तेवढ्याच पैशात, तेच दोन टायर, फक्त जागा बदलून. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे आणि मागची पुढे फिरवली तर चारही सारखी झिजतात, मग प्रश्नच उरत नाही. पण वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीवाल्याला ते कोण आठवून देणार?

सरकारचं काय? आपल्या नियमात मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. टायरमधल्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पाण्यासाठी हा आकडा फारच उदार आहे. तीनच्या खाली गेलं की ओल्या रस्त्यावरची पकड झपाट्याने उतरते. २०२२ साली टायरच्या ओल्या पकडीसाठीही मानक लागू करण्याची अधिसूचना निघाली, एआयएस १४२. ही मानकं पुण्याची एआरएआय प्रसिद्ध करते, तीच, जिच्या टेकडीवर तुम्ही सूर्यास्ताचे फोटो काढायला जाता. पण ते मानक नव्या, कारखान्यातून निघालेल्या टायरसाठी. तो तुमच्या गाडीत कुठे बसतो, याबद्दल तिथे काही नाही. दुकानात टायर शिरला की नियम संपला. गुळगुळीत टायरला नव्याने खाचा कोरून विकणाऱ्यांपर्यंत तर तो पोचतच नाही. लायसन्सच्या परीक्षेत आपण आठचा आकडा काढतो, रिव्हर्स घेतो, कोरड्या मैदानात, सकाळी.

जमत नाही असंही नाही. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धी महामार्गाच्या प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली, गुळगुळीत टायरच्या गाड्यांना मज्जाव केला. म्हणजे खाली वाकून चाकाकडे बघणं सरकारी माणसाला शक्य आहे. मग तसं वसई फाट्यावर जूनमध्ये का नाही? पनवेलला गणपतीच्या आधी का नाही? तिथे चहाचे आणि स्वागताचे मंडप लागतात, सगळ्या पक्षांचे, फ्लेक्ससकट. त्या मंडपात एक माणूस नक्षी मोजायचं मापक घेऊन बसवा. चहाही द्या.

त्याच समृद्धीवर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. चालकाने सांगितलं, टायर फुटला. परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते फेटाळलं. म्हणजे कधी टायरचा गुन्हा चालकाच्या नावावर लागतो आणि कधी चालक आपला गुन्हा टायरच्या नावावर ढकलतो. दोन्ही वेळी खरं काय ते कळतं, पण त्यासाठी कुणीतरी टायर तपासायला लागतो. २५ माणसं गेल्यावर तपासतात. दोन गेली तर?

केंद्राच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. नियमभंगाच्या तक्त्यात त्यातले ७१.२ टक्के मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात आहेत. बाकीचे रकाने: मद्यपान, उलट दिशा, सिग्नल तोडणं, मोबाईल, आणि 'इतर'. अतिवेग हे 'ताबा सुटला'चंच सरकारी रूप आहे. चांगल्या चार टायरवर त्याच पावसात ७० हा वेग असतो, मागे गोटा असेल तर तोच ७० अतिवेग होतो. पण तक्ता भरणाऱ्याला चाकाकडे बघायला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून माझी मागणी टायरवाल्याकडे नाही, ती पंचनामा लिहिणाऱ्यांकडे आणि मोटार वाहन निरीक्षकांकडे आहे. अपघातातली गाडी तपासायला निरीक्षक येतोच. ब्रेक बघतो, स्टेअरिंग बघतो. त्याने आणखी तीन गोष्टी लिहाव्यात, प्रत्येक चाकाच्या: नक्षी किती मिलिमीटर, हवा किती उरली आहे, आणि टायरच्या कडेवर छापलेले चार आकडे, ज्यातले पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. 'पुढे डावे, पुढे उजवे, मागे डावे, मागे उजवे' असे चार रकाने. एकूण बारा आकडे. मापक दीडशे-दोनशे रुपयांत मिळतं, काम पाच मिनिटांचं. पालघर जिल्ह्यापुरतं एक पावसाळाभर करून बघा आणि तो तक्ता उघडा ठेवा, विश्लेषण आम्ही फुकट करून देऊ, आमच्यासारखे बेंचवर बसलेले पुष्कळ आहेत.

मग बातमी लिहिणाऱ्यालाही सोपं जाईल. जुनं वाक्य काढून टाकता येईल आणि त्या जागी लिहिता येईल: मागच्या डाव्या टायरची नक्षी १.१ मिलिमीटर, मागच्या उजव्याची १.३, हवा २४. पुढचे दोन्ही टायर नवे होते.